ट्रंक बोर्डावरच्या बाई

आमच्या बाई नव्या माणसाला पाणी विचारायच्या आधी "आधी काय करत होता?" हे विचारायच्या. माणूस कशासाठी आलाय, त्याला कॉम्प्युटर चालवता येतो की माउस बघून घाम फुटतो, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. आधीचं काम कळलं की त्यांच्या मते माणूस कळला. मग त्या मान जरा तिरकी करून, लांबून काही ऐकू येत असल्यासारख्या थांबायच्या आणि निकाल द्यायच्या. त्या निकालावर अपील नव्हतं.

मला त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी नांदेडच्या एका दैनिकातली नोकरी सोडून लातूरला आलो होतो. सोडून म्हणजे, खरं सांगायचं तर पेपरच बंद पडला होता. तिथं मी मुद्रितशोधक होतो. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं, ऱ्हस्वदीर्घ सुधारायचं आणि आत काय लिहिलंय याबद्दल आपलं मत असलंच तर ते घरी नेऊन ठेवायचं, असं ते काम. हे मी थोडं रडगाण्याच्या सुरात सांगितलं. बाई एकदम खूश झाल्या.

"म्हणजे सगळं वाचता, पण मधे पडत न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्यापासून या."

पगाराचं त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण मला तेव्हा कुणी काहीही दिलं असतं तरी चाललं असतं.

कामाची जागा म्हणजे क्लासच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. गल्लीत नजर जाईल तिथं गुणवंतांचे फोटो. एकेका बॅनरवर तीस-चाळीस पोरं कपाळाला गंध लावून बघत असायची. कंधार, नायगाव, लोहा, कुठकुठून पोरं पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन एसटीनं उतरायची आणि वर्षभर डबा खाऊन मेडिकल-इंजिनिअरिंगच्या सीईटीचा अभ्यास करायची. अशाच एका क्लासच्या सरांनी इंटरनेटवर एक साइट काढली होती. पोरांनी आपल्या शंका तिथं टाकायच्या, ज्याला येईल त्यानं उत्तर द्यायचं. पालकांसाठी एक वेगळा विभाग होता, त्यात खोल्या, मेस, तापाची साथ, पाण्याचा टँकर असे विषय चालत. या सगळ्यावर नजर ठेवायला माणसं लागत. अशा माणसांना मॉडरेटर म्हणतात हे मला फार पुढं कळलं. आमच्याकडे त्याला "बोर्डावर बसणं" म्हणत, कारण बाई तसं म्हणत.

बाई वीस-एक वर्षं लातूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. खेड्यांकडच्या लाइनी हातानं जोडायच्या, समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. एक्स्चेंज आपोआप चालायला लागल्यावर खात्यानं त्यांना बिलाच्या खिडकीवर बसवलं. तिथं लोक नुसते भांडायला येतात, बोलायला कुणीच येत नाही, अशी तक्रार करून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सरांनी त्यांना शेजारधर्म म्हणून फोन उचलायला ठेवलं होतं. वर्षाच्या आत सर स्वतःच साइटवर काही लिहायचं असलं तर बाईंना विचारून लिहायला लागले.

कामावर आल्या की बाई कपाटातून आपला जुना हेडसेट काढून डोक्यावर चढवायच्या. त्याची वायर कशालाच जोडलेली नसे. मी एकदा त्यावरून चेष्टा केली, तर म्हणाल्या, कान बांधलेला असला की तोंड ताब्यात राहतं. कुणीही प्रश्न टाकला की त्याच्याखाली त्यांचा पहिला शब्द "बोला" असा यायचा. दुसरा प्रश्न, "कुठून बोलताय?" पोरांनी सगळं आधीच लिहिलेलं असायचं, तरी बिचारी परत "कंधारहून" असं लिहायची. गाव कळल्याशिवाय मला आवाज येत नाही, असं बाईंचं म्हणणं. चर्चा संपली की त्या "झालं का बोलून?" असं लिहायच्या आणि कुलूप घालायच्या. हे इतकं पसरलं की क्लासमध्ये फळ्यावरचं गणित सुटलं की मागच्या बाकावरून पोरं "झालं का बोलून" असं एका सुरात म्हणायची. एका मास्तरांनी त्यापायी चौघांना बाहेर काढलं होतं.

शिवाय तीन ओळींचा नियम. ट्रंक कॉलला तीन मिनिटं, तशा इथं तीन ओळी. नायगावच्या एका पोराचं इन्टिग्रेशनचं उदाहरण अर्धा पान होतं. बाईंनी त्याला ते तीन-तीन ओळींत तोडून पाच वेळा टाकायला लावलं. मी म्हणालो, बाई, गणिताला काय मिनिटं लागू होतात? त्या म्हणाल्या, मागं लाइन लागलीय. मागं कुणीही नव्हतं. भर दुपारची वेळ होती.

पण आधीच्या कामाचं त्यांचं शास्त्र खरंच ऐकण्यासारखं होतं. मास्तर बोर्डावर नको, कारण त्याला "माहीत न्हाई" म्हणता येत नाही. हे त्या सरांच्या तोंडावर म्हणायच्या. पानपट्टीवाला नको. तो ऐकतो लई, पण दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला घास जात नाही. कंपाउंडर चालेल. साइट बांधायला पुण्याहून एक इंजिनिअर आला होता, त्यालाही त्यांनी सोडलं नाही. तो म्हणाला, मी आधी काही केलं नाही, मी डायरेक्ट कॉम्प्युटरच. बाईंनी "डायरेक्ट?" असं परत विचारलं आणि त्याच्यासाठी चहा मागवला. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "पोरगं हुशार हाय. पण अजून कशातून निघालेलं न्हाई."

त्यांची सगळ्यात यशस्वी भरती म्हणजे कंधार आगारातले निवृत्त कंडक्टर. त्यांना टायपिंग एका बोटानं यायचं. पण पन्नास माणसांत भांडण लागलं तरी हा माणूस घंटी मारायला विसरत नाही, असा बाईंचा दाखला होता. तो बरोबर निघाला. दोन पोरं शिव्यांवर आली की कंडक्टर शांतपणे लिहायचे, "पुढच्या स्टॉपला दोघांनी उतरायचं." आणि खरंच दोघांची खाती आठवडाभर बंद. कुणाचा बाप नगरसेवक असला तरी तिकीट तेच. मला या दोघांच्या मधे बसून काम करताना मजा यायची, हे कबूल केलं पाहिजे, आणि रागही यायचा. बाईंना आपण चुकतो असं वाटतच नसे. निदान त्या तसं कधी म्हणत नसत. एखाद्या खोलीचा पत्ता त्यांच्या हातून चुकून गेला, तर त्या "दुरुस्ती" असं लिहून नवा पत्ता द्यायच्या. त्यापलीकडं एक अक्षर नाही.

आता त्यांचा मुख्य नियम. साइटवर खाजगी निरोपाची सोय होती. चारचौघांत विचारता येणार नाही ते पोरं थेट आम्हाला लिहायची. बाई त्याला "पीपी" म्हणायच्या, कारण ट्रंक कॉलमध्ये ठरावीक माणसासाठी केलेल्या फोनला पीपी म्हणत. पीपीतलं एक अक्षर बाहेर जायचं नाही. आपल्याला कळलं म्हणून ते आपलं झालं, असं नाही. लाइनवर ऐकलेलं लाइनवरच राहतं. मी पहिल्या दिवशी हो म्हणालो, कंडक्टर हो म्हणाले, आणि दोन-अडीच वर्षं त्यात काही अडलं नाही.

अडलं ते एका जूनमध्ये. लोहा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या, इथं होस्टेलवर राहणाऱ्या मुलीचा पीपी आला. रिपीटर होती, म्हणजे पहिल्या वर्षी नंबर लागला नव्हता म्हणून परत वर्षभर क्लास. तिनं लिहिलं होतं की दिवाळीनंतर मी क्लासला गेलेलीच नाही. एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बॅनर बनवते, ते मला जमतं आणि आवडतं. परीक्षेला नुसती जाऊन बसले, निकाल काय लागणार ते मला माहीत आहे. आता घरचे आणखी एक वर्ष म्हणतायत आणि आई इथं येऊन राहणार आहे. घरी कसं सांगू? गल्लीतल्या ज्या बॅनरांखालून आम्ही रोज ये-जा करत होतो, त्यातले निम्मे त्या मुलीनं केलेले होते.

आणि त्याच दिवशी पालकांच्या विभागात एका आईचा प्रश्न. लोह्याच्या नेट कॅफेवाल्याकडून लिहून घेतलेला. मुलगी रिपीटर आहे, अमुक होस्टेलवर राहते. तिच्या वडिलांचं आणि सासूचं म्हणणं की पहिल्या आलेल्या पोरांच्या आया पोरांजवळ राहतात, तू राहिली नाहीस म्हणून पोरगी मागं पडली. तरी क्लासजवळ एक खोली पाहिजे. मी अंगणवाडी सेविका आहे, राजीनामा देऊन येणार आहे. खाली गावाचं नाव आणि मोबाइल नंबर. गाव तेच, होस्टेल तेच.

त्या काळी लातुरात हे सर्रास चालायचं. आई पोरासाठी खोली करायची, सकाळ-संध्याकाळ गरम पोळी, अभ्यासाला राखण. त्यात नवल काही नव्हतं. पण बाकीच्या आया घरातून उठून यायच्या. ही नोकरीवरून उठून येणार होती. आणि अंगणवाडीची जागा एकदा सोडली की परत मिळत नाही, हे कुणालाही ठाऊक होतं.

मी बाईंना म्हणालो, आत्ता त्या आईला फोन लावा. बाईंनी मान हलवली. त्यांनी मुलीला उत्तर लिहिलं, "आईला तुम्हीच सांगा. लाइन मी लावून देते. कधी लावू?" मुलीनं लिहिलं, उद्या. दुसऱ्या दिवशी लिहिलं, उद्या नक्की. आणि तिकडं आईच्या प्रश्नांना बाई नेमानं उत्तरं देत होत्या. अमुक ठिकाणी खोली आहे, वर आहे, मोरी आत आहे. आईनं विचारलं, नळाला पाणी किती दिवसांनी येतं? बाईंनी सांगितलं, साठवायला टाकी लागेल. आईनं विचारलं, टाकी तिथं मिळेल की गावाकडून आणू? बाईंनी तेही सांगितलं. तीन ओळींच्या आत.

मला ते बघवेना. शनिवारी दुपारी वीज गेली तेव्हा मी बाईंवर चांगलाच तापलो. म्हणालो, ती बाई तिकडं टाकी शोधतीय आणि तुम्ही नियम सांभाळत बसल्यात. हा बोर्ड नाही, ते एक्स्चेंज बंद पडून जमाना झाला. कंडक्टर खिडकीतून खाली बघत उभे राहिले. बाई रागावल्या नाहीत. हेडसेट तसाच ठेवून त्यांनी भूकंपाच्या वर्षीचं सांगितलं. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून मी भूकंपाचं नाव ऐकलं नव्हतं. लातुरात तेव्हा प्रत्येकाकडं भूकंपाची एक तरी गोष्ट असायची, फक्त बाईंकडं नव्हती.

भूकंपानंतरच्या दिवसांत सगळा देश लातूरला फोन लावत होता. किल्लारीकडच्या बहुतेक लाइनी मेलेल्या. सोलापूरच्या चादरीच्या कारखान्यात काम करणारा एक माणूस रोज आपल्या गावाचा फोन मागायचा. लाइन लागायची नाही, बाई "ट्राय चालू आहे" म्हणायच्या. मग एका दुसऱ्या लाइनवर त्यांनी एका हवालदाराचं बोलणं ऐकलं. त्या गावाच्या वरच्या आळीत कुणीच शिल्लक नाही, असं तो वर कळवत होता. सोलापूरच्या माणसाचं घर वरच्या आळीतच होतं. बाईंना त्याची दया आली. रोज आशेनं फोन करतोय, त्याला किती दिवस ताटकळत ठेवायचं? त्यांनी सांगून टाकलं. तो "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

"त्याची माय आन बायको जित्या होत्या," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी शेतात खळ्यावर झोपल्या होत्या, उडदाच्या राखणीला. तो आलाच न्हाई. कशाला येईल? मी कुणी न्हाई म्हणून सांगितलं होतं."

बायको पत्र्याच्या शेडमध्ये नवऱ्याची वाट बघत राहिली. काही महिन्यांनी ती विचारत विचारत एक्स्चेंजच्या दारात आली. सोलापूरहून फोन आला होता का म्हणून. नाव ऐकताच बाईंनी ओळखलं. आणि तिला म्हणाल्या, लाइन लागत नाही. दुसऱ्या दिवाळीला त्या माणसाला गावच्या कुणीतरी तुळजापुरात पाहिलं आणि धरून घरी आणलं. बाईंना हे नंतर कळलं. त्याच्या बायकोला खरं सांगायला त्या कधी गेल्या नाहीत.

वीज आली. मला बाईंची कीव आली होती आणि तरीही त्या आत्ता चुकतायत असंच वाटत होतं. मी स्वतः फोन करू शकलो असतो, नंबर समोर होता. पण मी मधे न पडणारा माणूस म्हणूनच तिथं बसलो होतो.

बुधवारी मुलगी आली. बारीक चणीची, बोटांना शाई, फ्लेक्सच्या दुकानातून जेवणाच्या सुट्टीत आलेली. बाईंनी ऑफिसच्या फोनवरून नंबर फिरवला, "लातूरहून बोलतेय, तुमच्या मुलीशी बोला," एवढं म्हणून रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि आम्हा दोघांना जिन्यात काढून दार ओढून घेतलं. आम्ही तिघं पायऱ्यांवर बसलो. थोड्या वेळानं आतून मुलीचं रडणं ऐकू आलं. दार उघडून ती बाहेर आली आणि बाईंना म्हणाली, "आईनं सोमवारीच राजीनामा दिला."

बाईंनी तिला पाणी दिलं. त्या दिवशी त्यांनी साइटवर एकाही प्रश्नाखाली "बोला" लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. पहिल्या एसटीनं लोह्याहून निघालेली. चाळिशीची, उंच, पदर खोचलेला, हातात नुसती एक पिशवी. मी तिला मुलीकडं जायचं असेल म्हणून होस्टेलचा रस्ता सांगायला लागलो, तर म्हणाली, मुलीकडं जाऊन आले, मला इथल्या बाईंना भेटायचं आहे. बाई उठून उभ्या राहिल्या. बसा म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

"तुम्हाला कधीपासून ठावं होतं?" आईनं विचारलं.

बाईंनी दिवस सांगितला. ज्या दिवशी तिनं खोलीचं विचारलं होतं, तोच दिवस.

आईनं पिशवी खाली ठेवली. मग अगदी हळू बोलली. "मी तुम्हाला पाण्याचं इचारून राहिले होते, मॅडम. नळाला किती दिवसाला पाणी येतंय. टाकी इथं घ्यावी का गावाकडून आणावी. आन तुम्ही मला सांगून राहिल्या होत्या."

मला वाटलं आता बाई नियम सांगतील. पीपी सांगतील, सोलापूर सांगतील, मुलीला रोज विचारत होते म्हणतील. त्यातलं सगळं खरं होतं आणि सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याला पटलंही असतं. कंडक्टरही माझ्याकडं बघत होते.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. थोडं थांबून परत म्हणाल्या, "लई चुकलं."

पुढं एक शब्द जोडला नाही. पिशवी उचलून आई खाली उतरली.

त्यानंतर पंधरा दिवस बाईंनी जे केलं ते बघून मला त्यांच्याबद्दलची आधीची सगळी अढी सोडून द्यावी लागली. ज्या बाई क्लासची गल्ली ओलांडून गांधी चौकापर्यंत जात नसत, त्या एसटीनं लोह्याला गेल्या. त्या आईला बरोबर घेऊन अंगणवाड्यांच्या प्रकल्प कार्यालयात बसल्या. साहेब नाहीत म्हणून परत आल्या, परत गेल्या. राजीनामा अजून वर गेलेला नव्हता असं एक कारकून म्हणाला, गेला असं दुसरा म्हणाला. शेवटी कळलं की त्या जागेवर सरपंचाच्या सुनेचं नाव पक्कं झालंय आणि गावात तिला हार-तुरेही झालेत. मग काही होण्यासारखं राहिलं नाही. नवऱ्यानं आणि सासूनं मिळून घरात काय गोंधळ घातला, ते मी पुढं ऐकलं. आईची नोकरीही गेली आणि मुलगी डॉक्टरही झाली नाही, आणि दोन्हीचा दोष आईच्याच माथी.

बाईंनी तिला बोर्डावर बसायला बोलावलं. सरांना त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. आई महिनाभर आली नाही. मग एका सोमवारी आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. आमच्याकडं आलेल्या माणसांपैकी तिला एकटीलाच बाईंनी आधी काय करत होता हे विचारलं नाही. ज्या खोलीची तिनं चौकशी केली होती तीच तिनं घेतली. मुलगी तिथं तिच्याजवळ दोन वर्षं राहिली आणि दुकानातलं काम शिकत शिकत पुण्याला एका कंपनीत वेबसाइटची डिझाइनं करायला गेली. आई मात्र राहिली. टाकी तिनं लातुरातच घेतली होती.

तिचं काम बघण्यासारखं होतं. अंगणवाडीतली सवय, समोर कुणीही असो, आधी जेवलास का. पोरगं केमिस्ट्रीची शंका विचारतंय आणि ही विचारतीय डबा कसा लागतो. महिन्याभरात निम्मी पोरं तिलाच लिहायला लागली. आणि पीपी आला की ती त्या पोराला लिहायची, "आजच्या दिवस थांबते. उद्या सकाळी मीच तुझ्या घरी फोन लावीन." आणि लावायची. यात दोनदा पोरांनी शिव्या घातल्या, एकदा एक बाप भांडायला गल्लीत आला. बाईंनी तिला कधी अडवलं नाही. स्वतः मात्र तसा फोन त्यांनी कधी केला नाही. तिनं नंबर फिरवला की त्या उठून जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या.

त्या दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलायच्या. मॅडम आणि तुम्ही. मला ते अवघडल्यासारखं वाटायचं. जिच्यामुळं आपली नोकरी गेली तिच्याच हाताखाली रोज येऊन बसायचं, याला काय म्हणावं? एकदा खाली गल्लीत टँकर आला होता. बाई घागरी घेऊन उतरल्या होत्या आणि कंडक्टर रजेवर होते. मी तिला विचारलं, तुम्ही इथं कशा आलात? तुमच्या मनात काही राहिलं नाही का?

ती एका पोराला उत्तर लिहीत होती. ते पुरं करून तिनं पाठवलं, मग माझ्याकडं वळली.

"अख्खी उमर त्या अंगणवाडीत गेली, भाऊ," ती म्हणाली. "वजनकाटा बिघडला, सुपरवायझर बाईपुढं मी म्हणायची, माझं चुकलं. वरून पोरांचा खाऊच आला न्हाई, तरी माझंच चुकलं. पोरगी नापास झाली, सासूपुढं माझं चुकलं. कुणाचं काही चुकू द्या, म्हणायचं मीच. आपल्यापुढं दुसऱ्या कुणी माझं चुकलं म्हणलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं."

खालून बाईंची हाक आली, घागरी भरल्या होत्या. ती उठली आणि चपला न घालताच जिना उतरून गेली.